तार सामायिक, भाषा खासगी

मोटारीच्या स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सहसा नजरेस न पडणारे सोळा पिनांचे एक सॉकेट असते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि तो विझेना, की गॅरेजातला मिस्त्री आपले तळहाताएवढे यंत्र त्या सॉकेटात बसवितो. यंत्राच्या पडद्यावर एक अक्षर आणि चार अंक उमटतात. ‘पी ०३०१’ असे उमटले तर पहिल्या सिलिंडरमधील इंधन नीट पेट घेत नाही, हे पुण्याच्या मिस्त्र्याला कळते, तसेच डेट्रॉइटच्याही. हा संकेत जाहीर आहे, छापील आहे आणि सर्व कंपन्यांना सारखाच लागू आहे. परंतु पहिल्या अंकाच्या जागी शून्याऐवजी एक आला, म्हणजे ‘पी १’ने सुरू होणारा संकेत उमटला, तर त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरविलेला असतो. तोच आकडा एका मोटारीत एक सांगतो, दुसरीत दुसरेच. एका अंकाच्या अंतरावर सार्वजनिक भाषा संपते आणि खासगी भाषा सुरू होते.

ज्यांच्या दारात मोटार नाही त्यांनीही या अंतराचा विचार करावा, अशी आजची स्थिती आहे. स्कूटर, ट्रॅक्टर, एस. टी.ची बस, मालवाहू ट्रक, या सर्वांच्या पोटात आता लहानमोठे मायक्रोप्रोसेसर बसले आहेत आणि त्यांतील बहुतेक एकाच जोडतारेवरून एकमेकांशी बोलत असतात. तार एकच, बोलणारे अनेक. या बोलण्यावर मालकी कोणाची, यंत्र पैसे मोजून घेणाऱ्याची की यंत्र बनविणाऱ्याची, हा प्रश्न गेली काही वर्षे न्यायालये, विधिमंडळे आणि शेतकऱ्यांच्या बांधांवर एकाच वेळी लढविला जात आहे.

दोन तारांची चावडी

या तारेचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक झाला आणि धुराचे प्रमाण आटोक्यात ठेवण्यासाठी इंजिनावर सतत लक्ष ठेवणारे यंत्र हवे झाले. त्या दशकाच्या अखेरीस मायक्रोप्रोसेसर पुरेसा स्वस्त झाला आणि १९८०च्या सुमारास तो इंजिनाशेजारी येऊन बसला. एक बसला तसे दुसरेही आले: ब्रेकसाठी एक, गिअरसाठी एक. प्रत्येकाला दुसऱ्याकडील माहिती लागे. चाकाचा वेग ब्रेकला हवा, तसाच तो गिअरलाही हवा. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र तार टाकायची तर मोटारीच्या वायरिंगचे भेंडोळे वजनाने आणि गुंत्याने असह्य होऊ लागले.

जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ साली या प्रश्नावर काम सुरू केले आणि १९८६च्या फेब्रुवारीत डेट्रॉइट येथे अभियंत्यांच्या परिषदेत आपले उत्तर मांडले. त्याचे नाव ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’, म्हणजेच आज सर्वत्र रूढ असलेले ‘कॅन’. पुढच्याच वर्षी इंटेल कंपनीने त्यासाठीची चिप बाजारात आणली, पाठोपाठ फिलिप्सनेही आणली. १९९३ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ‘आयएसओ ११८९८’ या क्रमांकाने या पद्धतीस मान्यता दिली.

या पद्धतीतील कल्पकता समजून घेण्याजोगी आहे आणि ती समजण्यास अभियांत्रिकीच्या पदवीची गरज नाही. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा वाहनभर फिरतात. सारे काही शांत असते तेव्हा दोन्ही तारांवर अडीच व्होल्टचा दाब असतो. कोणी ‘शून्य’ उच्चारले की एका तारेवरचा दाब साडेतीनपर्यंत चढतो आणि दुसरीवरचा दीडपर्यंत उतरतो. ऐकणारा केवळ दोहोंतील फरक पाहतो. शेजारच्या स्पार्क प्लगची ठिणगी तारांवर गोंधळ उठविते खरी, पण तो दोन्ही तारांवर सारखाच उठतो आणि फरक काढताना आपोआप वजा होतो. इंजिनाच्या कोलाहलातही हे कुजबुजणे स्वच्छ ऐकू येते ते यामुळे.

याहूनही सुंदर आहे ती बोलण्याच्या पाळीची व्यवस्था. तार एकच असल्याने दोघांनी एकदम बोलण्यास आरंभ केला तर काय, हा सामायिक तारेपुढचा मूळ प्रश्न. ‘कॅन’मध्ये अध्यक्ष नाही, पाळी वाटणारा कारकून नाही. प्रत्येक निरोपाच्या आरंभी त्याचा क्रमांक असतो आणि तो शून्य व एक यांच्या अकरा अंकांत उच्चारला जातो. तारेचा गुणधर्म असा, की कोणीही एकाने ‘शून्य’ म्हटले तर तारेवर शून्यच उमटते. दुसऱ्याचा ‘एक’ त्याखाली दबून जातो. प्रत्येक जण बोलता बोलता तारही ऐकत असतो. आपण ‘एक’ म्हटले आणि तारेवर ‘शून्य’ ऐकू आले, याचा अर्थ आपल्याहून अधिक महत्त्वाचा निरोप कोणी देत आहे, असे समजून तो तेथेच गप्प होतो. जिंकणाऱ्याला स्पर्धा झाल्याचे कळतही नाही. त्याच्या निरोपाचे एक अक्षरही वाया जात नाही. लहान क्रमांक म्हणजे मोठा मान, एवढाच नियम. ग्रामसभांनाही ज्याचा हेवा वाटावा असा हा शिष्टाचार सेकंदाला हजारो वेळा पाळला जातो.

निरोपावर पत्ता नसतो, हे आणखी एक वैशिष्ट्य. गावात दवंडी पिटावी तसा तो सर्वांना ऐकू जातो; ज्याला उपयोग असेल त्याने घ्यावा, इतरांनी सोडून द्यावा. चाकांच्या वेगाची दवंडी ब्रेकचा प्रोसेसर पिटतो आणि ती गिअर, वेगमापक आणि दारांचे कुलूप अशा साऱ्यांच्या कामी येते. एका निरोपात जास्तीत जास्त आठ बाइट मावतात. शेवटी चूक पडताळण्यासाठी काही अंक असतात. कोणीतरी ‘ऐकले’ अशी पोच देतो. झाले. डोळ्याचे पाते लवण्याआधीच हा सारा व्यवहार आटोपतो.

व्याकरण आहे, शब्दकोश नाही

एवढे सारे मानकात लिहिले आहे. काय लिहिलेले नाही, ते पाहिले की वादाचे मूळ सापडते. निरोपाचा क्रमांक किती अंकांचा असावा, हे मानक सांगते. कोणता क्रमांक कोणत्या गोष्टीचा, हे सांगत नाही. आठ बाइट असावेत, हे सांगते. तिसऱ्या बाइटमध्ये पाण्याचे तापमान असावे की काच वर-खाली झाल्याची वर्दी, यावर ते मौन पाळते. अकरा अंकी क्रमांकात २,०४८ निरोप बसतात. त्या २,०४८ घरांत कोण राहतो, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरविते आणि ती यादी आपल्या तिजोरीत ठेवते. भाषेचे व्याकरण जगासाठी खुले झाले आणि शब्दकोश बांधणाऱ्याच्या घरी राहिला.

आपल्याकडील जुन्या गुरांच्या बाजारात याचे चपखल उदाहरण होते. बाजार भरे उघड्या मैदानावर, बैल सर्वांसमोर उभा, दलाल आणि गिऱ्हाईकही सर्वांसमोर उभे. पण भाव ठरे तो रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी. शेजारी उभ्या असलेल्या बैलाच्या मालकालाही आपल्या बैलाचे काय मोल झाले ते चटकन कळत नसे. शेतमालाच्या बाजारांतही ही चाल होती आणि नियमन आले तेव्हा उघड लिलावाचा आग्रह धरावा लागला तो याच अनुभवामुळे. ‘कॅन’च्या तारेवर आज तसाच रुमाल पडलेला आहे. निरोप सर्वांना ऐकू जातात; अर्थ दोघांनाच कळतो.

ट्रकांच्या जगात मात्र वेगळे घडले आणि त्याचे कारण उद्बोधक आहे. अमेरिकेतील मोठ्या ट्रकांत इंजिन एका कंपनीचे, गिअरबॉक्स दुसरीचा आणि ब्रेक तिसरीचे असा प्रकार सर्रास असतो. कोणत्या कंपनीचे इंजिन हवे, हे अनेकदा गिऱ्हाईकच सांगते. तेथे खासगी भाषा परवडणारी नव्हती. त्यामुळे तेथील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने ‘जे १९३९’ नावाचे मानक घडविले. त्यात व्याकरणाबरोबर शब्दकोशही आहे. इंजिनाचे फेरे कोणत्या निरोपात येतील (६१४४४ क्रमांकाच्या), त्यातील कोणत्या बाइटमध्ये येतील आणि त्या संख्येचा एक अंश म्हणजे मिनिटाला एक अष्टमांश फेरा, इतक्या बारकाईने सारे ठरलेले आहे. शेतीच्या अवजारांसाठी याच धर्तीवर ‘आयएसओ ११७८३’ हे मानक आले. एका कंपनीच्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या कंपनीचे पेरणी यंत्र जोडता यावे, हा त्याचा उद्देश.

या सार्वजनिक शब्दकोशातही काही पाने कोरी सोडलेली आहेत. ६११८४ या क्रमांकाचा निरोप आणि ६५२८० पासून ६५५३५ पर्यंतचे २५६ निरोप, हे कंपन्यांसाठी राखीव. त्यांत काय लिहायचे ते ज्याचे त्याने ठरवावे; दुसऱ्याने विचारू नये. पहिला प्रकार एका यंत्राने दुसऱ्या विशिष्ट यंत्राच्या कानात बोलण्याचा, दुसरा सर्वांसमोर बोलूनही इतरांना न कळण्याचा. मानक तयार करणाऱ्यांवर यासाठी दोषारोप करणे अन्यायाचे होईल. नवी कल्पना सुचलेल्या अभियंत्याने समितीच्या बैठकीची वाट पाहत दोन वर्षे बसावे, अशी अपेक्षा करता येत नाही. कारखान्यात यंत्राची जुळणी आणि चाचणी करण्यासाठीही स्वतःची बोली लागते. राखीव जागा ठेवली नसती तर कंपन्यांनी इतरांच्या क्रमांकांवर अतिक्रमण केले असते आणि सारी शिस्त मोडली असती.

तक्रार आहे ती या राखीव पानांवर पुढे काय काय जाऊन बसले, याविषयी. प्रयोगासाठी सोडलेल्या जागेत दुरुस्ती गेली. मोटारींच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. वर उल्लेखिलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटातून प्रश्न विचारण्याचे दहा प्रकार मानकाने जाहीर केले आहेत: चालू आकडे दाखव, साठविलेले दोष सांग, दोष पुसून टाक, गाडीचा क्रमांक दे, वगैरे. ते बहुतांशी इंजिन आणि धूर यांपुरते. ब्रेकमधील हवा काढण्यासाठी पंप चालू करणे, नवा इंजेक्टर बसविल्यावर त्याचा क्रमांक प्रोसेसरला कळविणे, नवी किल्ली ओळखीची करून देणे, ही कामे त्या दहांत नाहीत. त्यांसाठी कंपनीची स्वतःची बोली. आणि त्या बोलीच्या दारात अनेकदा पहारेकरी उभा असतो. मिस्त्र्याच्या यंत्राने आत येण्याची परवानगी मागितली की प्रोसेसर एक संख्या पुढे करतो. त्या संख्येवर एक गुप्त सूत्र चालवून आलेले उत्तर परत दिले तरच दार उघडते. ‘तिळा तिळा दार उघड’ म्हणण्याची ही रीत ‘आयएसओ १४२२९’ या जाहीर मानकात तपशीलवार दिली आहे. मंत्राचे शब्द तेवढे दिलेले नाहीत.

याचा परिणाम असा, की सुटा भाग बाजारात मिळतो, तो बसविण्याचे कौशल्यही मिस्त्र्याच्या हातात असते, बसविल्यावर तो ठाकठीक बसतोही. परंतु यंत्र त्याला ओळखत नाही. अधिकृत विक्रेत्याचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत गाडी एक तर सुरू होत नाही किंवा मुंगीच्या पावलांनी चालते.

शेताच्या मध्यावर थांबलेले यंत्र

शहरात हा त्रास दोन दिवसांच्या रिक्षाभाड्यावर निभावतो. शेतात तो निभावत नाही. अमेरिकेच्या मध्यभागातील गव्हा-मक्याच्या प्रदेशात कापणीचे दिवस मोजके असतात, आकाशाकडे पाहत काम उरकायचे असते आणि अधिकृत दुरुस्ती केंद्र मैलोगणती दूर असू शकते. तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपली अवजारे स्वतः दुरुस्त करीत आलेला. त्याच्याच शेडमध्ये उभे असलेले, त्याच्याच कर्जाने घेतलेले यंत्र त्याच्याशी बोलेनासे झाले, तेव्हा त्याने प्रथम आश्चर्य आणि मग संताप व्यक्त केला.

हा संताप कायद्याच्या भाषेत उतरावयास वेळ लागला. अमेरिकेच्या १९९८च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार संगणकीय कुलूप तोडणे हाच गुन्हा होता, मग ते आपल्या मालकीच्या वस्तूवर का असेना. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये त्यातून मोटारी आणि शेतीची वाहने यांच्या दुरुस्तीसाठी सूट देण्यात आली. जॉन डीअर या बड्या ट्रॅक्टर कंपनीने तिला विरोध केला होता. २०२३च्या जानेवारीत त्याच कंपनीने अमेरिकन फार्म ब्युरो या शेतकरी संघटनेशी समजुतीचा करार केला आणि शेतकऱ्यांना निदानाची साधने देण्याचे मान्य केले. तेवढ्यावर सर्वांचे समाधान झाले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने दोन राज्यांसह डीअर कंपनीवर खटला भरला. दुरुस्तीचे पूर्ण क्षमतेचे सॉफ्टवेअर केवळ अधिकृत विक्रेत्यांनाच दिले जाते, हा त्यातील मुख्य आरोप. कंपनीने तो नाकारला.

मोटारींच्या बाबतीत मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने प्रचंड बहुमताने कौल दिला होता. शंभरांतील पंच्याऐंशीहून अधिक मते त्या बाजूला पडली. २०२० साली बिनतारी मार्गाने जाणाऱ्या माहितीसाठीही तेथे पुन्हा मतदान झाले आणि पुन्हा तोच कौल मिळाला. बाइट आणि बिट यांसारख्या शुष्क विषयावर सामान्य नागरिकांनी दोनदा मतपेटीकडे जावे, ही घटना तंत्रज्ञानाच्या इतिहासात दुर्मिळच म्हटली पाहिजे.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. जो थोडासा दरवाजा आज उघडा दिसतो तो कोणा कंपनीच्या औदार्याने उघडलेला नाही. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाला धुराची चिंता होती. गाडीतील यंत्रणा बिघडली तर ते तिने स्वतः सांगितले पाहिजे आणि कोणत्याही गॅरेजात ते वाचता आले पाहिजे, असा हट्ट त्याने धरला. १९९०च्या केंद्रीय कायद्याने त्यास बळ दिले आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला तेच सोळा पिनांचे सॉकेट आले. प्रारंभी सॉकेट एक असले तरी त्यामागे पाच निरनिराळ्या बोली होत्या: फोर्डची एक, जनरल मोटर्सची दुसरी, युरोप-जपानकडील वेगळ्या. मिस्त्र्याच्या यंत्राने पाचही शिकून घ्यावयाच्या. २००८च्या मॉडेलपासून सर्वांनी ‘कॅन’च वापरावा, असा नियम झाला आणि हा पंचभाषी कारभार संपला. कंपन्या बुडाल्या नाहीत. ‘पी ०३०१’ पुण्यात कळतो, त्याचे श्रेय या धुराच्या कायद्याला आहे. ज्या विषयात कायद्याने लक्ष घातले तेथे शब्दकोश खुला झाला. जेथे घातले नाही तेथे रुमाल कायम राहिला.

रस्त्याच्या कडेचा मिस्त्री

भारतात हा प्रश्न अमेरिकेइतका गाजला नसला तरी अपरिचित नाही. २०११ साली एका ग्राहकाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगापुढे प्रकरण सुरू झाले आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या चौदांत आपल्याकडील टाटा, महिंद्र आणि मारुती या कंपन्याही होत्या. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांच्या हाती पडू न देणे, हा स्पर्धेचा गळा घोटण्याचा प्रकार आहे, असे आयोगाने ठरविले. निकालात निदान-साधनांचा असा स्पष्ट उल्लेख असणे महत्त्वाचे होते. सुटा भाग हातात धरता येतो, म्हणून त्याची अडवणूक चटकन दिसते. संकेताची अडवणूक दिसत नाही. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले. कायद्याचा रथ आपल्याकडे कोणत्या गतीने चालतो, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

दरम्यान यंत्रे थांबली नाहीत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे मानक लागू झाले आणि मोटारसायकल व स्कूटर यांमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंधन मोजून फवारणारा इंजेक्टर आणि त्याला हुकूम देणारा मायक्रोप्रोसेसर आला. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागले आणि त्यांच्यातही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण शिरले. हवेच्या दृष्टीने हे बदल आवश्यकच होते. त्यांवर नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण त्यांनी एका मोठ्या वर्गाच्या पायाखालची जमीन हलविली, याची दखल फारशी घेतली गेली नाही.

हा वर्ग म्हणजे तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर, पिंपळाखाली किंवा पत्र्याच्या टपरीत बसणारा मिस्त्री. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून, कान लावून, धुराचा रंग पाहून निदान करणारा हा माणूस. त्याचे शिक्षण कमी असेल, पण त्याचे ज्ञान खरे होते आणि ते गुरुकडून शिष्याकडे हातोहात जाई. शिक्षकाची स्कूटर आणि कारकुनाची मोटारसायकल पंचवीस वर्षे चालत राहिली ती त्याच्या जिवावर. आता त्याच्या समोर जी गाडी येते तिचा आवाज काही सांगत नाही. सांगायचे ते ती तारेवरून सांगते. स्वस्तातले एखादे यंत्र आणून तो जाहीर संकेत वाचतो. त्याच्या पुढचे दार बंद दिसले की तो गिऱ्हाइकाला म्हणतो, “साहेब, ही कंपनीतच न्यावी लागेल.” या एका वाक्याने त्याचा दिवसाचा रोजगार जातो आणि गिऱ्हाइकाचा खर्च वाढतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली. त्याच वर्षीच्या ग्राहकदिनी, २४ डिसेंबरला, माहिती एकत्र मिळावी म्हणून एक पोर्टलही सुरू झाले. आरंभ म्हणून हे ठीक. परंतु पुस्तिका आणि सेवा केंद्रांचे पत्ते मिळाल्याने मिस्त्र्याचे काम भागत नाही. त्याला हवा आहे शब्दकोश.

कुलूप आणि शब्दकोश

कंपन्यांच्या बाजूलाही एक वजनदार युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. ‘कॅन’ची रचना झाली तेव्हा मोटार हे बंद घर होते. दवंडी कोणी पिटली, हे पडताळण्याची सोयच त्यात नाही. ब्रेकच्या नावाने दुसऱ्या कोणी निरोप दिला तरी ऐकणारे तो खरा मानतात. २०१५ साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी रस्त्यावर धावणाऱ्या एका जीप गाडीचा ताबा दूर बसून, मोबाइलच्या जाळ्यामार्गे घेऊन दाखविला. त्यानंतर अमेरिकेत चौदा लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. असा धोका असताना सारे संकेत उघड करा म्हणणे, म्हणजे चोराला घराचा नकाशा देण्यासारखे आहे, असे कंपन्या म्हणतात.

धोका खरा आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. त्या दोन संशोधकांना कंपनीने शब्दकोश दिलेला नव्हता. तारेवरचे निरोप ऐकत आणि प्रोसेसरातील सॉफ्टवेअर उलगडत त्यांनी तो स्वतः जुळविला. ज्याच्यापाशी वेळ, बुद्धी आणि साधने आहेत त्याला गुप्तता अडवीत नाही. ती अडविते तालुक्याच्या मिस्त्र्याला, कारण त्याच्यापाशी दुपारपर्यंतचाच वेळ असतो. शिवाय अर्थ गुप्त ठेवणे आणि प्रवेशाला कुलूप लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बँकेचे नियम छापील असतात, म्हणून तिजोरी उघडी राहत नाही. बाहेरच्या जगाशी जोडलेला भाग आणि ब्रेकची तार यांमध्ये दरवान बसवा, महत्त्वाच्या निरोपावर खरेपणाची मोहोर उमटवा, किल्लीसारख्या बाबतीत मिस्त्र्याची नोंदणी करा आणि कोणी केव्हा दार उघडले ते लिहून ठेवा. हे सारे शक्य आहे आणि यांपैकी कशासाठीही तिसऱ्या बाइटमधील तापमान लपविण्याची आवश्यकता नाही.

युरोपीय संघाने यात व्यवहार्य वाट काढली आहे. २००७च्या नियमाने तेथे वाहनाला विक्रीची मान्यता देतानाच दुरुस्तीची आणि निदानाची माहिती स्वतंत्र गॅरेजांना अधिकृत विक्रेत्यांच्या तोडीने देण्याची अट जोडली; २०१८ सालच्या आणि सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नव्या नियमाने ती पुढे चालविली. माहितीचे वाजवी शुल्क घेण्यास कंपन्यांना मोकळीक आहे. आपल्या स्पर्धा आयोगानेही २०१४ साली बौद्धिक संपदेचा मोबदला नाकारला नव्हता. अडवणूक तेवढी नाकारली होती.

भारतात नव्या वाहनाची चाचणी होऊन त्याला मान्यता मिळाल्याशिवाय ते विकता येत नाही. या चाचण्या घेणाऱ्या संस्थांतील एक प्रमुख संस्था, १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’, पुण्यातच आहे. वाहनाचा धूर, ब्रेक आणि दिवे तपासले जातात, तशीच त्याची बोलीही तपासावी. सुटा भाग बदलल्यावर तो यंत्राला ओळखीचा करून देण्यासाठी लागणारे निरोप, दोषांच्या खासगी क्रमांकांचे अर्थ आणि चाचणीसाठी पंप किंवा मोटर हलविण्याच्या आज्ञा, एवढे कागद मान्यतेच्या अर्जासोबत दाखल झाले पाहिजेत आणि ठराविक शुल्क भरणाऱ्या कोणत्याही गॅरेजाला ते मिळाले पाहिजेत. मराठीसह देशी भाषांत ते मिळाले तर अधिक बरे. इंजिन कसे पळवावे, याचे कंपनीचे गुपित त्यात येत नाही. ते तिने खुशाल जपावे. २५६ राखीव पाने प्रयोगासाठी होती, ती प्रयोगासाठीच राहू द्यावीत. एकदा ती वस्तू विकली गेली आणि बाजारातून एखाद्याच्या अंगणात येऊन उभी राहिली, की तिच्या दुखण्याचे निरोप त्या पानांवरून उठवून जाहीर पानांवर आणण्यास जी मुदत लागेल ती कायद्याने ठरवून द्यावी.